डब्यावरचे चित्र पाहू नका, आकडा पाहा

प्लॅस्टिकच्या विमानाचे किट घ्यायला गेलेला मुलगा दुकानात काय करतो, हे मी बऱ्याच वेळा पाहिले आहे. तो डब्यावरचे चित्र पाहतो. चित्रात ढग असतात, तोफांच्या ज्वाळा असतात आणि मागे एखादे विमान पेट घेऊन खाली चाललेले असते. आग जितकी जास्त तितके किट चांगले, असा त्याचा हिशेब असतो. सोबत आलेले वडील डबा उलटा करून किंमत पाहतात. डब्याच्या कोपऱ्यात १:७२, १:४८ किंवा १:१४४ असा एक लहानसा आकडा छापलेला असतो. त्याच्याकडे मात्र दोघांपैकी कुणीच पाहत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की त्या डब्यात पैसे देऊन घेण्यासारखी मुख्य वस्तू कोणती असेल, तर तो आकडाच.

मी असे का म्हणतो ते सांगतो. पटले तर घ्या. न पटले तर मधल्या सुट्टीत भांडून काय ते ठरवा.

या बाबतीत मीही जन्मतः शहाणा नव्हतो. मी शाळेत असताना मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यांनी मला लँकेस्टर या चार इंजिनांच्या विमानाचे भले मोठे किट दिले. त्या काळी कोल्हापुरात असले काही मिळत नसे, त्यामुळे गल्लीतली निम्मी मुले डबा पाहायला आली. दोन दिवसांत मी धड आणि पंख चिकटवून टाकले. तिसऱ्या दिवशी वैमानिकाच्या काचेवर डिंकाने भरलेला माझा अंगठा उमटला. चौथ्या दिवशी लक्षात आले, की एक भाग आत बसवायचा राहिला आहे आणि आता धड उघडता येत नाही. ते विमान पुढे कधीच पुरे झाले नाही. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्रेचाळीस सेंटिमीटर भरणारे ते धूड अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. अंगठाही तसाच आहे.

म्हणून पहिला सल्ला किटच्या आकाराबद्दल. तीस ते पन्नास भागांचे, तळहातावर मावेल असे लहान विमान घ्या. मोठे किट आपले कौशल्य वाढवत नाही, आपल्या चुकाच मोठ्या करून दाखवते. शिवाय लहान किट स्वस्त पडते, आणि दोघा मित्रांनी मिळून घेतले तर आणखी स्वस्त.

आता त्या आकड्याकडे वळू. १:७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या ७२ सेंटिमीटरांचा तुमच्या विमानात १ सेंटिमीटर. हा चमत्कारिक ७२ कुठून आला? सरळ शंभर का घेतला नाही? कारण तो फूट-इंचांच्या जगात जन्मला. एका इंचाला सहा फूट धरले, की सहा गुणिले बारा म्हणजे बहात्तर. सहा फूट उंचीचा वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडमध्ये १९३२ साली ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने लाकडी किटे निघाली, त्यांनी हे प्रमाण धरले. १९३६ साली ‘फ्रॉग’ने प्लॅस्टिकची किटे आणली, तीही याच प्रमाणात. ‘फ्रॉग’ची आधीची विमाने उडणारी होती आणि ही नव्हती, म्हणून या मालेला न उडणाऱ्या पक्ष्याचे, पेंग्विनचे, नाव दिले. १९५३ साली ‘एअरफिक्स’ने स्पिटफायर काढले, तेही १:७२ मध्येच.

पण या प्रमाणाची सगळ्यात मोठी परीक्षा तुमच्याएवढ्या मुलांनी दिली आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, अमेरिकेच्या आरमाराने शाळाशाळांतून एक मागणी पाठवली: आम्हाला पाच लाख लाकडी विमाने करून द्या. पन्नास जातींची विमाने, प्रत्येक जातीची दहा हजार, सगळी १:७२ प्रमाणात. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना क्षणात ओळखता यावे म्हणून ती हवी होती. शिक्षणाची रीत सोपी होती. १:७२ चे विमान दहा मीटरांवर धरले, की ते ७२० मीटरांवरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. आता विचार करा, एखाद्या मुलाने पंख एक सेंटिमीटर लांब ठेवला असता तर? त्याचे विमान दिसायला सुंदर असते, पण ते पाहून शिकलेला तोफची चुकीचे विमान ओळखायला शिकला असता. मापात न बसणारे विमान तिथे काही कामाचे नव्हते.

खेळणे आणि प्रतिकृती यांत माझ्या मते एवढाच फरक आहे. प्रतिकृतीवर पट्टी ठेवून खऱ्या वस्तूबद्दल प्रश्न विचारता येतो आणि उत्तर मिळते. खेळण्यावर पट्टी ठेवली तर खेळण्याचीच लांबी कळते.

सुरुवातीच्या काळात काही कंपन्या उलटा उद्योग करीत. दुकानातल्या फळीवर सगळे डबे एकसारखे मांडता यावेत म्हणून आधी डब्याचे माप ठरवायचे आणि मग डब्यात मावेल एवढे विमान करायचे. त्यामुळे इवलेसे लढाऊ विमान आणि चार इंजिनांचे प्रवासी विमान, दोन्ही एकाच लांबीची! अशी दहा विमाने ओळीने मांडली तरी त्यांवरून काहीच कळत नाही. म्हणून दुसरा सल्ला: एक प्रमाण निवडा आणि निदान पहिली पाच-सहा विमाने तरी त्याच प्रमाणात करा. १:४८ मध्ये बारकावे छान दिसतात हे खरे, पण डाकोटा करायचे म्हटले तर त्याचे पंख साठ सेंटिमीटर होतात. तेवढी जागा कोल्हापुरातल्या कुठल्या घरातली आई देणार? मोठी प्रवासी विमाने आवडत असतील तर १:१४४ घ्या. त्यात एअर इंडियाचे जुने जंबो, ७४७-२००, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ४१ सेंटिमीटर भरते. लढाऊ विमानांसाठी १:७२ बरे.

एकाच प्रमाणातली विमाने शेजारी ठेवली की काय होते, ते पाहा. आपल्या हवाई दलाने वापरलेलीच विमाने घेऊ. १:७२ मध्ये मिग-२१ चा पंखविस्तार ९.९ सेंटिमीटर येतो. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ही विमाने तयार होत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी शेवटची मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाली. हंटरचा पंखविस्तार १४.३, कॅनबेराचा २७.१ आणि डाकोटाचा ४०.४. आणि नॅट? फक्त ९.३ सेंटिमीटर.

आता त्या नॅटच्या शेजारी पाकिस्तानी हवाई दलाचे सेबर ठेवा. सेबरचा पंखविस्तार सुमारे सोळा सेंटिमीटर आणि लांबीही जवळजवळ तेवढीच. नॅट लांबीला बारा. त्या काळी रडारपेक्षा वैमानिकाच्या डोळ्यांवर जास्त भिस्त असे, आणि नॅट लवकर नजरेलाच पडत नसे, असे पुस्तकांतून तुम्ही वाचले असेल. ते वाक्य वाचून जे कळत नाही, ते टेबलावरची ही दोन विमाने पाहून एका दमात कळते. दोन्ही समोरून, नाकाकडून पाहा. नॅट म्हणजे एक गोल ठिपका आणि दोन काड्या. मात्र दोन्ही विमाने एकाच प्रमाणात हवीत. नॅट १:४८ चे आणि सेबर १:७२ चे घेतले, तर दोघे जवळजवळ सारखेच दिसतील आणि इतिहासच उलटा होईल.

नॅटवरून आठवले. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी नॅट करायला घेतले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर सहा सेबर विमाने चालून आली, तेव्हा धावपट्टीवर बाँब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊन उडाले आणि लढता लढता धारातीर्थी पडले. परमवीरचक्र मिळालेले ते हवाई दलातले एकमेव वीर. भाच्याला त्यांचे विमान करायचे होते. किट आले. त्यात दोन खुर्च्या होत्या. याने मागच्या खुर्चीवर कुणालाच बसवले नाही, कारण सेखों एकटेच होते! विमान पुरे झाले आणि रंगही झाला. पंखांवर मध्ये हिरवे, मग पांढरे, बाहेर केशरी अशी वर्तुळे बसली (ती बरेच जण उलटी रंगवतात, म्हणून मुद्दाम सांगितले). विमान घेऊन तो माझ्याकडे आला. मी त्याला पट्टी दिली आणि पंख मोजायला सांगितले.

“दहा पूर्णांक दोन, मामा.”

“नॅटचा पंखविस्तार ६ मीटर ७३ सेंटिमीटर. भाग ७२ ने.”

त्याने कागदावर भागाकार केला, पुन्हा मोजले, पुन्हा भागाकार केला. उत्तर तेच, ९.३. जवळजवळ नऊ मिलिमीटरांचा फरक पडत होता, म्हणजे खऱ्या विमानात सुमारे साठ सेंटिमीटर. त्याचा चेहरा पडला. “म्हणजे किट खोटं आहे?”

किट खोटे नव्हते. डब्यावर लहान अक्षरांत ‘टी-१’ असे लिहिले होते. बाजारात सहज दिसणारे नॅटचे किट बहुधा या ब्रिटिश प्रशिक्षण-विमानाचे असते. शिकाऊ वैमानिकामागे शिक्षक बसायचा म्हणून त्याला दुसरी खुर्ची दिली. पण तेवढ्याने भागत नाही. शिकाऊ माणसाला विमान कमी वेगात उतरवता आले पाहिजे, म्हणून त्याचे पंखही मोठे केले. टी-१ चा पंखविस्तार ७ मीटर ३२ सेंटिमीटर आहे. त्याला ७२ ने भागा, बरोबर १०.२ येतात. सेखोंचे नॅट एका खुर्चीचे होते. मागची खुर्ची काढली तरी टी-१ चे एफ-१ होत नाही.

भाचा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी फोन करून विचारू लागला, “मामा, पंख मोठा केला की विमान सावकाश का उतरतं?” आता सांगा, डब्यावरच्या आगीच्या चित्राकडे पाहून हा प्रश्न कुणाला सुचला असता का?

एवढे सगळे ठीक; पण यात कोल्हापूरचे काय, असे तुम्ही विचाराल. या बाबतीत मुंबई-पुण्याच्या मुलांपेक्षा तुम्ही भाग्यवान आहात असे मला वाटते, आणि ते कसे ते मला एका पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रींनी शिकवले. ते माझ्या घरी आले असताना टेबलावर किटची न कापलेली चौकट पडली होती. प्लॅस्टिकच्या दांडीला इकडे पंख, तिकडे चाक, असे भाग लटकलेले असतात ना, तीच चौकट. मिस्त्रींनी ती हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाले, “सर, हा तर आमचाच धंदा की ओ! हा रनर, हे गेट, ही पार्टिंग लाइन. फक्त आमच्यात लोखंड असतंय.”

खरोखरच तसे आहे. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावला कितीतरी फौंड्र्या आहेत. तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका नाहीतर शेजारी तिथे कामाला असतील. फौंड्रीत लाकडाचा पॅटर्न वाळूत दाबून पोकळी करतात आणि तिच्यात वितळलेले लोखंड ओततात. किटच्या कारखान्यात पोलादी साचा असतो आणि त्यात सुमारे दोनशे अंश सेल्सिअसला पातळ केलेले पॉलिस्टायरीन जोराच्या दाबाने घुसवतात. धातू असो की प्लॅस्टिक, आत शिरायला वाट हवी. ती वाट म्हणजे रनर. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक रेघ उमटते. ती पार्टिंग लाइन. फटीतून थोडा माल बाहेर सांडला, तर कडेला पातळ पापुद्रा येतो. फौंड्रीत तो छिन्नीने आणि ग्राइंडरने काढतात, त्याला फेटलिंग म्हणतात. आपण तोच ब्लेडने आणि पॉलिश पेपरने काढायचा.

आणि प्रत्येक वस्तू थंड होताना आकसते. बिडाचे ओतीव काम फुटाला सुमारे एक अष्टमांश इंच आकसते, म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टी वेगळी असते. तिच्यावरचा ‘एक फूट’ तुमच्या पट्टीवरच्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंच लांब! ती पट्टी एकदा हातात घेऊन पाहाच. तिच्यावरचे आकडे मुद्दाम खोटे आहेत, आणि त्या खोटेपणामुळेच ओतलेली वस्तू खऱ्या मापाची निघते. पॉलिस्टायरीन त्या मानाने कमी, शंभरात सुमारे अर्धा, आकसते. बारा सेंटिमीटरांच्या नॅटसाठी साचा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त लांब कोरावा लागतो. जिथे प्लॅस्टिक जाड असते तिथे आतला भाग सावकाश थंड होतो आणि पृष्ठभागाला आत ओढतो. चाकावर किंवा पंखाच्या मुळाशी कधीकधी हलका खळगा दिसतो तो त्यामुळेच. लोखंडातला असा खळगा टाळायला मिस्त्री रायझर ठेवतात, तो आकसणाऱ्या भागाला वरून धातू पुरवतो. किटमध्ये रायझर नसतो. खळगा दिसला की लांबी भरा आणि घासा.

मिस्त्रींना मी एक प्रश्न विचारला होता: विमानाचे धड डावे-उजवे असे दोन तुकड्यांत का देतात? एकसंध पोकळ नळी का देत नाहीत? ते हसले. फौंड्रीत पोकळी हवी असेल तर वाळूचा कोअर ठेवतात आणि ओतकाम झाल्यावर तो फोडून बाहेर काढतात. कोअर एकदाच वापरायचा असतो. पोलादी साचा लाखो वेळा वापरायचा, त्याचा आतला भाग फोडून कसा चालेल? तो सरळ मागे सरकून निघाला पाहिजे. म्हणून धडाचे दोन अर्धे. म्हणूनच साध्या किटमधल्या तोफेच्या नळीला पुढून भोक नसते, आणि म्हणूनच धडाच्या बाजूला उठून दिसणारे बारकावे वरच्या आणि खालच्या वळणावर पुसट होत जातात. साचा ज्या दिशेने निघतो त्या दिशेला समांतर असलेल्या पृष्ठभागावर त्याला काही कोरता येत नाही. हे कळल्यापासून मी किट पाहताना आधी हा भाग साच्यातून कसा निघाला असेल, तेच पाहतो. तुम्हीही चौकटीतून एक भाग कापण्याआधी दहा मिनिटे तेवढेच करून पाहा.

जोडणीबद्दल फार सांगत नाही. डब्यात कागद असतो, तो वाचा. आधी डिंक न लावता भाग जुळवून पाहा, चिकटपट्टीने धरून ठेवा, मगच डिंक लावा. हा ‘डिंक’ खरे तर डिंक नव्हे. तो द्रावक आहे. तो दोन्ही कडांचे प्लॅस्टिक विरघळवतो, ते एकमेकांत मिसळते आणि द्रावक उडून गेला की दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. हे एक प्रकारचे वेल्डिंगच. म्हणून थेंब जास्त पडला तर विमानच विरघळते. त्याची वाफ वाईट असते, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि तोंड जवळ नेऊ नका. काचेला मात्र हे द्रावक लावू नका, फेव्हिक्विकही नको. त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. लाकडाला लावायचा साधा पांढरा फेव्हिकॉल काचेला उत्तम, वाळला की दिसतही नाही. ब्लेड आपल्या अंगापासून दूर चालवायचे, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण माझ्या डाव्या तर्जनीवर त्याचा पुरावा आहे.

तीन चाकांच्या विमानात, म्हणजे ज्याचे एक चाक नाकाखाली असते त्यात, धड मिटवण्यापूर्वी नाकात वजन भरायला विसरू नका. नाहीतर विमान शेपटीवर बसते. सायकलच्या दुकानातले चार-पाच छर्रे फेव्हिकॉलने बसवले की काम होते. किती छर्रे लागतील? विमान चिकटपट्टीने तात्पुरते जोडा, मागच्या चाकांच्या जागी पेन्सिल आडवी धरून त्यावर तोला, आणि नाक खाली झुकेपर्यंत नाकावर छर्रे ठेवत जा. गुरुत्वमध्य पुस्तकात वाचण्यापेक्षा हा बरा.

आता जे सांगणार आहे ते बऱ्याच जणांना पटत नाही: पहिले विमान रंगवू नका. माझ्याबरोबर किटे करणारे मित्रही यावर माझ्याशी भांडतात. त्यांचे म्हणणे, रंगाशिवाय मुलांना मजा काय? पण रंगाखाली जोड लपतो. उघड्या प्लॅस्टिकवर प्रत्येक फट, प्रत्येक ओघळ दिसतो. तो दिसला पाहिजे आणि चार महिने कपाटातून तुमच्याकडे पाहत राहिला पाहिजे. शिवाय रंगालाही प्रमाण असते, हे कुणी सांगत नाही. ब्रशने दिलेला थर वहीच्या कागदाच्या निम्मा, म्हणजे साधारण ०.०५ मिलिमीटर धरा. त्याला ७२ ने गुणा. खऱ्या विमानावर तो साडेतीन मिलिमीटरांहून जाड लेप होईल! पंखावर पत्र्यांच्या जोडाची जी रेघ तुम्हाला इतकी नाजूक वाटते, ती ०.२ मिलिमीटर असली तरी खऱ्या विमानात दीड सेंटिमीटरची चर ठरेल; बोट जाईल तिच्यात. आणि किटचे एक मिलिमीटरचे प्लॅस्टिक म्हणजे सव्वासात सेंटिमीटर जाडीचा पत्रा. दुसऱ्या विमानापासून खुशाल रंगवा, पण पातळ थर द्या. आणि आषाढात रंगवू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत इनॅमल दिवसेंदिवस चिकट राहते, त्यावर धूळ बसते, आणि काही रंग पांढुरके पडतात. पावसाळ्यात घासकाम करा, रंगाला दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

माझे एक शिक्षक मित्र म्हणतात, “हे सगळे आयते आहे. कारखान्याने केलेले भाग मुलाने चिकटवले, यात विज्ञान कसले? त्यापेक्षा लाकूड तासून स्वतः विमान करावे.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. लाकडाचे विमान जरूर करा. पण लाकडात मुलाची चूक आणि आराखड्याची चूक वेगळी काढता येत नाही. किटमध्ये मापे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली असतात आणि ती बरोबर आहेत की नाहीत, हे तुम्ही तपासू शकता. छापील दाव्यावर पट्टी ठेवून पाहणे हेही विज्ञानच आहे. तेवढे करायचे नसेल, तर मात्र मी माझ्या मित्राच्या बाजूचा.

दुसरा आक्षेप असा, की हे विमान उडत नाही. खरे आहे; पण का उडत नाही, याचा हिशेब करू. लांबी ७२ पट कमी झाली, तर पंखांचे क्षेत्रफळ ७२ गुणिले ७२, म्हणजे ५,१८४ पट कमी झाले, आणि घनफळ ३,७३,२४८ पट. इंधन भरून उड्डाणाला निघालेले नॅट सुमारे ३,००० किलो भरे. त्याला घनफळाच्या आकड्याने भागा. आठ ग्रॅम आले, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढे. आता तुमचे नॅट गुजरीतल्या एखाद्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवून पाहा. नाकातल्या छर्ऱ्यांसकट किती भरते ते लिहून ठेवा. आठच्या जवळ आले का? नसेल, तर पत्र्याच्या जागी आलेले ते सव्वासात सेंटिमीटरांचे प्लॅस्टिक आठवा. आणखी एक गोष्ट. विमान १:७२ झाले, पण त्याच्या भोवतीची हवा होती तशीच राहिली. तिला कुणी लहान केले नाही. हा विषय मोठा आहे, तो पुन्हा केव्हातरी.

मापे कुठून आणायची, हा प्रश्न उरतो. ग्रंथालयातली विमानांची पुस्तके पाहा, आणि एकाच पुस्तकावर विसंबू नका. दोन पुस्तकांत दोन आकडे मिळाले तर निराश होऊ नका, आधी दोन्हीत विमानाची उपजात एकच आहे का ते पाहा. टी-१ आणि एफ-१ चा घोटाळा तुम्ही आता ओळखताच. सहलीला बंगळूरला गेलात तर एचएएलच्या संग्रहालयात आपले मारुत उभे आहे, दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात नॅट आहे.

आणि तेवढे लांब जायचे नसेल तर उजळाईवाडी आहेच. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत झालेला आपला विमानतळ मधली कित्येक वर्षे सुनासुना होता. २०१८ नंतर तिथे एटीआर-७२ जातीची पंख्यांची विमाने येऊ लागली. (यातला ७२ म्हणजे आपले प्रमाण नव्हे, तो आसनांच्या संख्येवरून आला आहे. एका मुलाने माझ्याशी यावर पैज लावली होती.) या विमानाचा पंखविस्तार २७.०५ मीटर आहे. १:७२ मध्ये किती, १:१४४ मध्ये किती, ते तुम्ही काढा. मग त्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापा आणि विमान उतरताना कुंपणाबाहेरून, एक डोळा मिटून, हात लांब करून ती समोर धरा. पट्टी आणि पंख बरोबर जुळले, तर डोळ्यापासून पट्टीपर्यंतचे अंतर मित्राला मोजायला सांगा आणि त्याला ७२ ने गुणा. विमान त्या क्षणी किती लांब होते, ते मीटरांत मिळेल. हात पुरत नसेल तर १:१४४ ची पट्टी घ्या आणि १४४ ने गुणा.

माझा भाचा सध्या एका खुर्चीच्या नॅटच्या शोधात आहे. पहिल्या विमानाच्या पाटीवरचे सेखोंचे नाव त्याने स्वतःच खोडले आणि तिथे ‘नॅट टी-१, प्रशिक्षण-विमान, १:७२’ असे लिहिले. मागच्या खुर्चीवर आता एक शिक्षक बसला आहे.